जुन्या मोटारहोमचे एअर बेलो कसे बदलावेत

सकाळी गाडीतल्या शेगडीवर तवा ठेवला, तेल सोडलं आणि ते सगळं डाव्या कडेला जाऊन बसलं. आदल्या रात्री गाडी त्याच फरशीवर सरळ उभी होती. मागचा डावा बेलो रात्रभरात बसला होता आणि त्याची पहिली खबर मला तेलाने दिली.

आपल्याकडची बरीच जुनी मोटारहोम बसच्या चॅसीवर बांधलेली असतात, त्यामुळे त्यांचं सस्पेन्शनही बसचंच. अ‍ॅक्सल आणि चॅसी यांच्यामध्ये जो काळा रबरी फुगा असतो तो एअर बेलो. काही मिस्त्री त्याला बलून म्हणतात. रबराच्या आत धाग्यांचे थर, वर लोखंडी प्लेट, खाली पिस्टन, म्हणजे ज्यावर रबर दुमडत उतरतं तो तळ, आणि पोटात बंप स्टॉप, म्हणजे हवा गेली की गाडी ज्यावर टेकते तो ठोकळा. 25 सेंमी व्यासाचा बेलो धरला तर हवेला ढकलायला साधारण 490 चौरस सेंमी जागा मिळते. दर चौरस सेंमीला 4 किलो प्रेशर असताना असा एक बेलो जवळपास 2 टन वजन पेलतो. गाडीखाली शिरण्याआधी हा आकडा एकदा मनात घोकून घ्या.

आधी गळती शोधा

गाडी बसली म्हणजे बेलोच गेला, असं नाही. संध्याकाळी चारही चाकांपाशी हबच्या मध्यापासून बॉडीच्या कडेपर्यंत टेपने माप घ्या आणि भिंतीवर खडूने लिहून ठेवा. सकाळी इंजिन सुरू करण्याआधी पुन्हा मोजा. कुठला कोपरा किती उतरला ते कळेल.

मग इंजिन चालू करून हवेची टाकी पूर्ण भरू द्या, इंजिन बंद करा आणि भांडी घासायच्या साबणाचं पाणी बेलोवर, पाइपच्या जोडांवर आणि लेव्हलिंग वॉल्व्हवर (बेलोत हवा भरून-सोडून गाडीची उंची राखणारा वॉल्व्ह) ब्रशने लावा. या तपासणीला गाडीखाली जायचं असेल तर चॅसीखाली स्टँड लावूनच जा. बुडबुडे जिथे येतील तिथे दुखणं. माझ्या अनुभवात निम्म्या वेळा ते बेलोत नसतं. पाइपचा पुश कनेक्टर किंवा लेव्हलिंग वॉल्व्ह गळत असतो.

एक गोष्ट भल्याभल्यांना चकवते. बहुतेक गाड्यांना तीन लेव्हलिंग वॉल्व्ह असतात: मागे डावा-उजवा असे दोन आणि पुढे मध्ये एकच. त्यामुळे पुढून गाडी एका अंगाला कललेली दिसली तरी तो तोल मागचे दोन वॉल्व्ह ठरवत असतात. पुढचे बेलो काढण्याआधी मागे बघा.

रबरावर केसासारख्या बारीक रेषा असतील तर घाबरू नका, वयाने येतातच. भेगेतून धागे दिसले, रबर फुगवटा धरून बसलं किंवा घासून चपटं झालं, तर मात्र बेलो बदलायचा. आणि बदलायचा तो जोडीने, अ‍ॅक्सलच्या दोन्ही बाजूंचा.

बेलो कशाने गेला?

नागपुरात कामठी रोडवरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने माझा जुना बेलो हातात घेऊन उलटासुलटा केला आणि म्हणाला, "भाऊ, हा मेला नाही, याले मारलं." खरं होतं. गाडी धुवायला दिली की खालून डिझेलचा फवारा मारून घ्यायची आपल्याकडे पद्धत आहे, चॅसी चकचकीत दिसते म्हणून. मीही दर पावसाळ्यानंतर हौसेने मारून घेत होतो. डिझेल, रॉकेल, ग्रीस यांनी बेलोचं रबर फुगतं आणि मऊ पडतं. बेलो धुवायला साबण आणि पाणी, एवढंच.

दुसरं कारण मोटारहोमचं खास. बस रोज धावते, तिचे बेलो रोज वर-खाली होतात. आपली गाडी दिवाळीत ताडोब्याला जाते, डिसेंबरात पेंचला, आणि मग चार महिने प्लॉटवर उभी. हवा हळूहळू उतरते, बेलो बंप स्टॉपवर बसतो आणि त्याच घडीत, नागपूरच्या 45 डिग्रीच्या उन्हात, शिजत राहतो. भेगा नेमक्या त्या घडीवर पडतात. लांब मुक्काम असेल तर चॅसीखाली स्टँड लावून वजन त्यावर घ्या, म्हणजे बेलो उघडलेला राहील.

शिवाय शॉक अ‍ॅब्सॉर्बर बघा. खड्ड्यात चाक खाली लोंबतं तेव्हा बेलोला जास्त ताणू न देण्याचं काम बऱ्याच गाड्यांत तोच करतो. तो गळालेला किंवा तुटलेला असेल तर नवा बेलोही फार टिकणार नाही. पाण्याची टाकी, जनरेटर, बॅटऱ्या सगळं एकाच बाजूला बसवलं असेल तर त्या बाजूचा बेलो जन्मभर जास्त दाबावर राबतो, हेही लक्षात घ्या.

सामान

बेलोच्या रबरावर पार्ट नंबर उठवलेला असतो. पुसून फोटो काढा. नंबर गेला असेल तर जुना बेलो काढून नागपुरात वाडीच्या किंवा कामठी रोडच्या दुकानांत सोबतच घेऊन जा. व्यास, स्टडमधलं (प्लेटला जोडलेल्या आटीच्या खिळ्यांमधलं) अंतर, पिस्टनची उंची आणि हवेच्या छिद्राची आटी, या चार गोष्टी जुळायला हव्यात. "थोडा मोठा आहे, पण बसतो" असं दुकानदार म्हणाला तर नमस्कार करून बाहेर पडा.

बाकी: 20 टनी बॉटल जॅक, चॅसीचं वजन पेलणारे चार स्टँड, चाकांना लाकडी ठोकळे, जाड लोखंडी प्लेटा, रिंग पाने, टॉर्क रेंच (नट ठरावीक जोरानेच आवळायचा पाना), तारेचा ब्रश, गंज सोडवायचा स्प्रे आणि पाइप सरळ कापायला धारदार ब्लेड.

काम

जागा सिमेंटची हवी. प्लॉटच्या काळ्या मातीत जॅक रुततो, आणि मे महिन्यात दुपारी डांबरावर काम केलंत तर स्टँडचे पाय डांबरात जाताना दिसतील. म्हणून खाली लोखंडी प्लेट घाला आणि उन्हाळ्यात पहाटेच सुरुवात करा.

पाण्याच्या टाक्या रिकाम्या करा, गॅस सिलिंडर बंद करा, पार्किंग ब्रेक लावा, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे द्या. गाडीत इलेक्ट्रॉनिक लेव्हलिंग असेल तर बॅटरीची तार काढा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हवा सोडण्याच्या आधी चॅसी जॅकने उचलून स्टँडवर घ्यायची. हवेवर किंवा नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात, डोकं, काहीही घालायचं नाही. बेलो फुटला तर बॉडी क्षणात बंप स्टॉपपर्यंत खाली येते आणि ते 2 टन तुमच्यासाठी थांबत नाहीत. स्टँड लागल्यावर गाडीला खांद्याने जोरात हलवून बघा. दोघं जण असा. एकट्याने हे काम करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

लेव्हलिंग वॉल्व्हच्या रॉडची लांबी मोजून लिहून ठेवा, मग रॉड सोडवून वॉल्व्हचा दांडा खाली ढकला. फुस्स करून बेलोतली हवा जाईल. त्यानंतर हवेच्या टाकीचा ड्रेन कॉक उघडून उरलेली हवा काढा. पाण्याबरोबर काळं तेल बाहेर आलं तर एअर ड्रायर आणि कॉम्प्रेसर दाखवून घ्या. ते तेल बेलोच्या आतही गेलेलं असणार.

पाइप काढा, वरचे नट, मग खालचा बोल्ट. गंजलेल्या स्टडला आदल्या रात्रीच स्प्रे मारून ठेवला असेल तर सुटतात. नसेल तर संयम ठेवा. बेलो हाताने दाबून बाहेर ओढा. वरची आणि खालची बैठक तारेच्या ब्रशने साफ करा, गंज खरवडा, टोकदार कड राहिली असेल तर कानस मारून रंगाचा हात द्या. फक्त रबर विकत घेतलं असेल तर जुन्या पिस्टनला चीर गेली आहे का, तेही आत्ताच बघा.

नवा बेलो बसवताना सगळे नट आधी बोटांनी फिरवा. वरची प्लेट बैठकीला सपाट टेकली की वरचे नट घट्ट करा. खालचा बोल्ट सध्या किंचित सैल. बेलोला पीळ नको: वरचे आणि खालचे स्टड एका रेषेत आहेत ना, ते लांबून पाहा. गॅरेजवाल्याची हवेची गन इथे वापरू देऊ नका. हे स्टड पातळ प्लेटला जोडलेले असतात, जोराने तुटतात आणि नवा बेलो भंगारात जातो. टॉर्कचा आकडा बेलोच्या किंवा गाडीच्या मॅन्युअलमधलाच घ्या. पाइपचं टोक ताजं, काटकोनात कापा. टेफ्लॉन टेप वापरलात तर पहिली आटी मोकळी सोडा, नाहीतर तिचे तुकडे वॉल्व्हमध्ये जाऊन बसतात.

गाडी स्टँडवरच ठेवून रॉड पुन्हा जोडा, इंजिन सुरू करा आणि हवा हळूहळू भरू द्या. बेलो पिस्टनवर सगळीकडून सारखा दुमडतोय का ते बाजूला उभं राहून बघा. एका बाजूला सुरकुती आली तर हवा सोडा, नीट करा, पुन्हा भरा. बेलो गाडीत बसवण्याआधी बाहेर जमिनीवर फुगवून बघायचा मोह आवरा. दोन्ही बाजूंनी धरून ठेवलेला नसेल तर तो उडतो.

साबणाचं पाणी पुन्हा लावा. बुडबुडे नाहीत म्हटल्यावर जॅकने उचलून स्टँड काढा, गाडी खाली घ्या. सपाट जागेवर, हवेच्या टाकीत पूर्ण प्रेशर असताना राइड हाइट, म्हणजे हवेवर उभ्या गाडीची उंची, मोजा. कमी-जास्त असेल तर चॅसीखाली पुन्हा स्टँड लावून रॉडची लांबी बदला आणि ती मॅन्युअलच्या मापावर आणा. उंची बरोबर आली की, स्टँड लावूनच, बेलोचा खालचा बोल्ट घट्ट करा. फुगलेल्या बेलोभोवती सगळीकडे निदान 25 मिमी मोकळी जागा हवी. टायर, ब्रेकचा पाइप, वायरिंगचा लोंबता तुकडा, काहीही घासायला नको.

पहिली चक्कर आउटर रिंग रोडला, गतिरोधकांवरून सावकाश. रात्री पुन्हा टेपने मापं घ्या, सकाळी ताडून बघा. 500 किलोमीटरनंतर सगळे नट एकदा टॉर्क रेंचने तपासा.

जोडीतला जो जुना बेलो अजून धड असेल तो फेकू नका. साबणाने धुऊन, वाळवून, काळ्या पॉलिथिनमध्ये गुंडाळून डिकीत टाका. समृद्धीवर रात्री दहा वाजता बेलो फुटला तर तो पुढच्या गॅरेजपर्यंत नेईल, पण स्टँडही सोबत असले तरच.