जुनी फोर-बाय-फोर घेताना: आधी कागद आणि चॅसिस, इंजिन सर्वांत शेवटी

जुनी फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद देता येणारी गाडी, पाहायला जाण्याआधी विक्रेत्याला फोनवर एकच विनंती करावी, की आम्ही पोहोचेपर्यंत गाडी सुरू करू नये. पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून पाहावा. पत्रा गरम लागला तर सकाळी गाडी सुरू व्हायला वेळ घेते आणि ते आपल्याला दिसू नये अशी व्यवस्था झालेली आहे, असे धरून चालायला हरकत नाही.

हे लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर प्रामुख्याने मारुती जिप्सी आहे. १९८५ मध्ये ९७० सीसीच्या इंजिनासह आलेली ही गाडी १९९६ मध्ये १.३ लिटरची ‘किंग’ झाली, २००० मध्ये तिचा कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय (इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पेट्रोल फवारणारी यंत्रणा) आले आणि २०१९ मध्ये सामान्य ग्राहकांसाठी तिचे उत्पादन थांबले. महिंद्राच्या एमएम ५४० सारख्या जुन्या डिझेल जीपना आणि २०१० नंतरच्या पहिल्या पिढीतील थारलाही यातील बरेचसे लागू पडते. इंजिन, गिअरबॉक्स, क्लच या वस्तू पैसे टाकले की दुरुस्त होतात. कुजलेली चॅसिस (गाडीचा लोखंडी सांगाडा) आणि अर्धवट कागद मात्र पैसे टाकूनही बहुधा सुधारत नाहीत, म्हणून तपासणीचा क्रम त्यानुसारच ठेवावा.

प्रथम कागद. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर आरटीओकडून तपासणी करून घेऊन ती दर पाच वर्षांनी वाढवावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून चारचाकीसाठी या नूतनीकरणाची फी ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेली. महाराष्ट्रात त्यावर हरित करही भरावा लागतो. त्यामुळे ‘पासिंग अजून दोन महिने आहे’ असे म्हणणाऱ्या विक्रेत्याला, ते करून घेऊनच गाडी द्या, असे नम्रपणे सांगावे. आरसी बुकावरील चॅसिस क्रमांक प्रत्यक्ष सांगाड्यावर ठोकलेल्या क्रमांकाशी एकेक अक्षर लावून पाहावा. कागदाचा तुकडा त्या जागी धरून वरून पेन्सिल घासली की आकडे उमटतात. आरटीओतही असाच ठसा घेतला जातो. गंजाने आकडे खाल्ले गेले असतील किंवा त्या जागेच्या आजूबाजूला वेल्डिंगच्या खुणा असतील, तर पुढची तपासणी न करता चहा घेऊन परतावे.

इंजिन बदललेले असेल तर त्याची नोंद आरसीवर हवी. जिप्सीत दुसऱ्याच गाडीचे डिझेल इंजिन बसवणे, टप कापणे, उंची वाढवणे हे प्रकार सर्रास आढळतात. परंतु मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ रचनेत असे बदल करता येत नाहीत आणि नूतनीकरणाच्या वेळी त्याचा हिशेब नव्या मालकालाच द्यावा लागतो. दिल्ली परिसरात १० वर्षांपुढच्या डिझेल आणि १५ वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात मिळतात खऱ्या, पण ना हरकत दाखला आणि इथला रोड टॅक्स धरून हिशेब केला की ती स्वस्ताई बरीच विरघळते. लष्कराच्या लिलावातली गाडी असेल तर मूळ विक्रीपत्रापासूनची साखळी अखंड हवी. ताडोब्यासारख्या ठिकाणी सफारीला धावलेली गाडी तर आणखी निराळी: मीटरवर किलोमीटर कमी दिसतात, पण ते सगळे धुळीत, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये आणि अर्धवट दाबलेल्या क्लचवर झालेले असतात. शिवाय तिची नोंदणी व्यावसायिक असते, ती खासगी करून घेणे हे वेगळे काम आहे.

कागद पटले की जमिनीवर पोते अंथरून गाडीखाली शिरावे. सोबत टॉर्च, लहान हातोडी आणि जुना स्क्रू-ड्रायव्हर असावा. चॅसिसच्या दोन्ही रेलवर हातोडीने हलके ठोकत जावे. निरोगी लोखंड खणखणीत वाजते, आतून सडलेले बद्द वाजते. पाट्यांची (लीफ स्प्रिंगची) टोके जिथे चॅसिसला जोडलेली असतात त्या जागा, बॉडीच्या रबरी माउंटभोवतीचा भाग आणि आडव्या पट्ट्यांचे सांधे अधिक बारकाईने पाहावेत, कारण चिखल तिथेच साचून ओला राहतो. कोकण, गोवा आणि मुंबईच्या गाड्यांच्या बाबतीत हे दुप्पट खरे आहे. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस पुरेसा नसतो म्हणून की काय, कित्येक गाड्या हौसेने समुद्राच्या पाण्यात घातलेल्या असतात. खालून ताजा काळा रंग मारलेला दिसला तर आनंद न मानता संशय घ्यावा.

मी पाहिलेल्या एका जिप्सीत नवीकोरी रबरी मॅट घातलेली होती आणि विक्रेता ती उचलायला राजी नव्हता. ‘आतून एकदम क्लीन आहे,’ हे त्याने तीनदा सांगितले. शेवटी ड्रायव्हरच्या पायाजवळची मॅट उचलली तेव्हा खाली पत्र्याऐवजी पुट्टी होती. स्क्रू-ड्रायव्हर टेकवला तो तिच्यातून आरपार गेला आणि भोकातून अंगणातली फरशी दिसली. म्हणून मॅट, मागच्या बाकांखालचा पत्रा आणि काचेच्या चौकटीचा खालचा काठ पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

यानंतर पुढची दोन्ही चाके जोडणारा आडवा दांडा, म्हणजे पुढचा अ‍ॅक्सल. जिप्सीच्या पुढच्या चाकांच्या आत, अ‍ॅक्सलच्या दोन्ही टोकांना क्रिकेटच्या चेंडूपेक्षा मोठे असे गोल भाग दिसतात. त्यांच्यावर ग्रीसचा पातळ थर असणे ठीक. पण तिथून पातळ तेल ओघळत असेल तर आतले सील गेले असून डिफरन्शियलचे (डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीचे) ऑइल तिथवर पोहोचले आहे, असे समजावे. मग मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावून पुढचे एक चाक जॅकवर उचलावे आणि वर-खाली धरून हलवावे. ढिलाई जाणवली तर सोबतच्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगून पुन्हा हलवावे. ब्रेक दाबल्यावर ढिलाई गेली तर दोष चाकाच्या बेअरिंगचा, म्हणजे किरकोळ. ती तशीच राहिली तर किंग-पिनची (ज्या खिळीवर पुढचे चाक डावी-उजवीकडे वळते तिची) बेअरिंग झिजलेली आहेत, आणि साठच्या वेगाला एखाद्या खड्ड्यावरून गेल्यावर स्टिअरिंग हातात थरथरू लागते त्यामागे बरेचदा हेच कारण असते. ही तपासणी दहा मिनिटांची आहे, तरी ती करताना मी फारच थोड्या ग्राहकांना पाहिले आहे.

चाक जॅकवर असतानाच फोर-व्हीलचीही एक परीक्षा उरकते. पुढच्या चाकांच्या मधोमध असलेले, चाक आतल्या दांड्याशी जोडणारे दोन्ही हब ‘लॉक’वर फिरवून आणि फोर-व्हीलचा लिव्हर टू-हायला (फक्त मागच्या चाकांना ताकद) ठेवून उचललेले चाक हाताने फिरवले की पुढच्या चाकांकडे ताकद नेणारा लांब दांडा, म्हणजे पुढचा प्रोपेलर शाफ्टही फिरला पाहिजे, तो फिरला नाही तर हब नुसता दिखाऊ आहे. मग लिव्हर फोर-हायला (चारही चाकांना ताकद) टाकावा. आता तेच चाक हलता कामा नये, कारण पुढचा आणि मागचा शाफ्ट ट्रान्सफर केसमध्ये (पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीत) एकमेकांना बांधले गेले आहेत. काही जुन्या जीपमध्ये हँडब्रेक चाकांऐवजी शाफ्टला धरतो, त्यामुळे मागचे चाक उचलताना त्याच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नये.

प्रत्यक्ष चालवण्याची चाचणी मातीवर किंवा मुरमाच्या रस्त्यावरच घ्यावी. या गाड्यांत पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमध्ये मधले डिफरन्शियल नसते. कोरड्या डांबरावर फोर-व्हीलमध्ये वळण घेतले की सगळा ताण शाफ्ट आणि गिअरवर येतो. फोर-लोमध्ये (चारही चाकांना ताकद, पण कमी वेगाचा आणि जास्त जोराचा गिअर) उतारावर सोडून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय एकदम काढावा. लिव्हर आपोआप न्यूट्रलला उडी मारत असेल तर ट्रान्सफर केस उघडावी लागणार. घाटात भर उतारावर असे घडले तर इंजिनाचा आधार एका क्षणात सुटतो, म्हणून हा दोष ‘चालवून घेऊ’ म्हणण्यासारखा नाही. गाडी सुटताना ‘टक्’ असा आवाज येत असेल तर तो बहुधा शाफ्टच्या क्रॉसचा (टोकाच्या सांध्याचा) असतो. ते काम स्वस्त आहे. चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखेच झिजलेले हवेत. मूळ किंगला २०५/७० आर १५ हे माप येत असे. पुढे-मागे वेगळ्या मापाचे टायर लावून फोर-व्हील वापरलेली गाडी आपल्या ट्रान्सफर केसला हळूहळू खात असते.

मालकाची परवानगी घेऊन दोन्ही डिफरन्शियलचे भरण्याचे बोल्ट पान्याने सैल करावेत आणि आत बोट घालून ऑइल पाहावे. दुधाळ चहासारखा रंग म्हणजे ओढ्या-नाल्यांतले पाणी आत गेले आहे.

इंजिनाबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण ते कोणताही चांगला मेकॅनिक सांगेल. थंड असताना सुरू करावे, निळा धूर (म्हणजे ऑइल जळते आहे) येतो का ते पाहावे, रेडिएटरचे झाकण थंड असतानाच उघडून पाण्यावर तेलाचा तवंग आहे का ते बघावे. चालू इंजिनाचे ऑइल भरण्याचे झाकण काढल्यावर जोराची वाफ आणि धूर फेकला जात असेल तर मेकॅनिक ज्याला ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात तो प्रकार आहे, म्हणजे इंजिन आतून झिजून सिलिंडरमधला वायू खाली निसटतो आहे. जुन्या डिझेल जीपमध्ये तो हमखास पाहावा. कार्ब्युरेटरच्या जिप्सीत पेट्रोलचे रबरी पाइप वास घेऊन आणि वाकवून तपासावेत, कारण २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा विचार करून ते बनवलेले नव्हते. सुट्या भागांची मोठी काळजी नको. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर हिंडायची तयारी असली की पुष्कळ मिळते.

चाचणी संपली की गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा पसरून दहा मिनिटे बोलत बसावे. पुठ्ठ्यावर कुठे, किती आणि कोणत्या रंगाचे थेंब पडले ते पेनाने तिथेच लिहून ठेवावे: इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचे डिफरन्शियल, मागचे. किमतीची बोलणी सुरू झाली की तो पुठ्ठा मध्ये ठेवावा आणि प्रत्येक डागासमोर दुरुस्तीचा अंदाजे आकडा मालकालाच विचारावा.