सीडी प्लेअरचा पॉवर सप्लाय सुधारायचाय? आधी कॅपॅसिटर

जुन्या सीडी प्लेअरमधून गाण्यामागे बारीक घुमघुम ऐकू येते, किंवा डिस्क फिरायला लागली की डिस्प्ले मंदावतो. असं होत असेल तर पॉवर सप्लायवर संशय घ्यायला हरकत नाही. डिस्क वाचलीच जात नसेल, तर मात्र दोष बहुधा लेन्सचा किंवा मोटरचा असतो. तिथे कॅपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, बदलून वेळ फुकट जातो.

झाकण उघडा आणि आत तांब्याच्या वेटोळ्यांचा जड ट्रान्सफॉर्मर आहे का ते पाहा. असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी. त्याऐवजी ४०० किंवा ४५० व्होल्ट लिहिलेला मोठा कॅपॅसिटर दिसला, तर पॉवर सप्लाय एसएमपीएस, म्हणजे स्विचिंग प्रकारचा. २३० व्होल्टच्या विजेवर त्या कॅपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठतो आणि प्लग काढल्यावरही राहू शकतो. नवशिक्यांनी झाकण परत लावावं, हे बरं.

प्लग काढा आणि मोठ्या कॅपॅसिटरच्या दोन पायांवर मल्टीमीटर लावा. व्होल्टेज उरलेलं असेल तर १ किलोओहमचा रेझिस्टर दहा-पंधरा सेकंद टेकवून ते उतरवा. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी पाडण्यात काही बहादुरी नाही. ट्रान्सफॉर्मरच्या मेन्सकडच्या बाजूला हात लावायचा नाही. झाकण उघडं ठेवून प्लेअर चालवलात, तर लेन्सकडे वरून पाहू नका. तिथला लेझर इन्फ्रारेड असतो, डोळ्यांना दिसत नाही.

आता फोटो काढा, आणि कागदावर प्रत्येक इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरची क्षमता, व्होल्टेज, व्यास, उंची आणि वजा पट्टा कुठल्या बाजूला आहे ते लिहा. बोर्डवर छापलेल्या खुणेवर विसंबू नका. काही बोर्डांवर रंगवलेला अर्धा भाग वजा दाखवतो, काहींवर अधिक. मी एकदा त्या खुणेवर विश्वास ठेवला आणि उलटा बसलेला कॅपॅसिटर असा फुटला की खोलीत दिवसभर वास राहिला. जुना कसा बसला होता, तेच खरं.

नवे घेताना १०५ अंश सेल्सिअसचे घ्या. व्होल्टेज तेवढंच किंवा एक पायरी वर, खाली कधीच नाही. क्षमता किती वाढवायची यावर लोक वाहवत जातात, म्हणून थोडं गणित. ५० हर्ट्झ विजेवर पूर्ण ब्रिज (एसीचं डीसी करणारे चार डायोड) असेल, तर कॅपॅसिटर दर १० मिलिसेकंदांनी भरतो. अर्धा अँपिअर खेचला जात असताना २२०० मायक्रोफॅरडवर व्होल्टेजचा चढउतार ढोबळमानाने २.३ व्होल्ट येतो, ३३०० वर १.५. ७८०५ रेग्युलेटरला, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या चिपला, ५ व्होल्ट देण्यासाठी इनपुटला साधारण २ व्होल्ट जास्त लागतात. लाटेचा तळ ७ च्या खाली गेला की ती घुमघुम बाहेर येते. म्हणून दीडपट क्षमता फायद्याची. १०००० बसवलात तर भरतानाचे झटके उंच आणि अरुंद होतात, डायोड आणि ट्रान्सफॉर्मर तापतात.

एका वेळी एकच कॅपॅसिटर काढा. जुन्या जोडावर आधी थोडं ताजं सोल्डर घाला, मग सोल्डर ओढायच्या पंपाने ओढा. जुनं सोल्डर एकटं लवकर वितळत नाही. सोल्डरिंग आयर्न ३५० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवा आणि एका जागी तीन सेकंदांहून जास्त धरू नका, नाहीतर तांब्याची पट्टी बोर्डावरून उचकटते. कॅपॅसिटरच्या बुडाशी तपकिरी झालेला गोंद दिसला तर खरवडून काढा. असा गोंद जुना झाला की वीज वाहू देतो आणि आसपासच्या तारा खातो.

डायोड बदलायचे असतील तर १एन४००४ च्या जागी जलद प्रकारचा यूएफ४००४ चालतो. ऐकताना फरक कळेलच असं नाही. माझ्या मते हे सर्वात शेवटचं काम. शॉटकी प्रकारचा डायोड घ्यायचा मोह झाला तर तो किती उलटं व्होल्टेज सोसतो ते तपासा, १एन५८१९ फक्त ४० व्होल्टचा आहे. रेग्युलेटर बदलताना ७८ आणि ७९ मालिका एक समजू नका. ७८०५ चे पाय इनपुट, ग्राउंड, आउटपुट असे. ७९०५ चे ग्राउंड, इनपुट, आउटपुट. शिवाय ७९०५ ची धातूची पाठ इनपुटला जोडलेली असते, त्यामुळे ती पाठ आणि हीटसिंक (उष्णता काढून घेणारी धातूची पट्टी) यांच्यामध्ये अभ्रकाचा तुकडा हवाच.

पहिल्यांदा चालू करताना मेन्सच्या एका तारेत ६० वॅटचा जुना, तारेचा बल्ब सिरीजमध्ये ठेवा. तो क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. तेजाने जळतच राहिला तर लगेच बंद करा. कुठेतरी शॉर्ट किंवा उलटा भाग आहे. बल्ब काढल्यावर ५ व्होल्टची लाइन मोजा, ४.८ ते ५.२ मध्ये हवी. मल्टीमीटर एसी रेंजवर ठेवून मोठ्या कॅपॅसिटरवरचा आकडाही टिपा. हाच आकडा जुना कॅपॅसिटर काढण्याआधीही टिपलेला असेल, तरच तुलना करता येईल.

झाकण लावण्याआधी ट्रेचा रबरी पट्टा बोटाने ताणून पाहा. सैल असेल तर आत्ताच बदला, पुन्हा स्क्रू कोण उघडणार.