पिटबुलचं पिल्लू आणलंय? या चुका टाळा

पिल्लू घरी आलं की लोकांचे दोन प्रश्न ठरलेले. "कान कुठे कापून मिळतील?" आणि "तिखट कधी होईल?" लसीचं कोणी विचारत नाही.

कानांचं लगेच सांगतो. कापायचे नाहीत. रुबाबासाठी जनावराचा अवयव कापणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, आणि कान दुमडलेले म्हणून कुत्रं काही कमी पडत नाही. तिखटाचं मात्र सविस्तर सांगावं लागेल, कारण सगळ्यात जास्त कुत्री याच वेडापायी वाया गेलेली मी पाहिली आहेत.

'तिखट' करण्याच्या नादात बांधून ठेवणं

सांगलीकडच्या एका ओळखीच्या माणसाने मळ्यावर राखणीला पिटबुल आणलं. विकणाऱ्याने कानमंत्र दिला: कोणाला हात लावू देऊ नका, अंधारात बांधा, कच्चं मटण घाला. यांनी सगळं इमानेइतबारे केलं. पिल्लू शेडमध्ये साखळीला, आणि भाकरी टाकायला जाणारा माणूस एकच. वर्षभरात कुत्रं अंगापिंडाने असं भरलं की बघणारा दोन पावलं मागे सरावा. मग एका रात्री चोरांनी विहिरीवरच्या मोटारीची केबल कापून नेली. कुत्रं त्या रात्री मोकळंच होतं, पण ते कडब्याच्या गंजीमागे लपून बसलेलं सापडलं. पुढच्याच आठवड्यात धाकट्या भावाच्या मुलाच्या हातातून पाण्याची बादली पडली, तेव्हा मात्र त्याच्या पोटरीला टाके पडले.

ते कुत्रं तिखट नव्हतंच, भेदरलेलं होतं. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात पिल्लू जे बघतं, ऐकतं, हुंगतं, ते त्याला आयुष्यभर आपलं वाटतं. त्यानंतर समोर येणाऱ्या नव्या गोष्टीला ते आधी घाबरतं. मोठेपणी हे बरंच सुधारता येतं, पण त्याला महिने जातात, आणि घाईने पिल्लू आणणाऱ्याकडे नेमके तेच नसतात.

माझी पद्धत साधी आहे. पिल्लू कडेवर किंवा पिशवीत घ्यायचं आणि गावभर हिंडवायचं: दूध डेअरी, एसटी स्टँड, मंडईचं टोक. काठीवाले आजोबा, हेल्मेटवाला, रेनकोटवाला, रडणारं पोर, कुकरची शिट्टी, सगळं लांबून दाखवायचं आणि तोंडात चिकनचा बारीक तुकडा द्यायचा. दहा मिनिटं पुरतात. ते अंग चोरायला लागलं की घरी.

लस अर्धवट आणि पिल्लू रस्त्यावर

कडेवर म्हटलंय ते उगाच नाही. पार्व्हो या घातक रोगाचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, फिनेलला दाद देत नाही आणि तुमच्या चपलेवरून घरात येतो. उलट्या, रक्ताची हगवण, मग सलाईन. नशीब असेल तर पिल्लू वाचतं. "विकणाऱ्याने एक इंजेक्शन दिलंय" हे मला सांगू नका. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती सुरुवातीच्या लसीला काम करू देत नाही, आणि ती कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी डोस, शेवटचा सोळाव्या आठवड्यात किंवा नंतर. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. दवाखान्यात पिल्लू फरशीवर सोडू नका, आजारी कुत्री तिथेच येतात. फरशी पुसायला एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी.

बाकीच्या चुकांवर फार वेळ घालवत नाही.

'हाड जाड व्हावं' म्हणून कॅल्शियमच्या बाटल्या रिचवू नका. पिल्लांचं चांगलं खाद्य देत असाल तर जास्तीचं कॅल्शियम हाडं बिघडवतं. गळ्यात जड साखळी आणि मागे टायर वर्षाच्या आत तर नाहीच. कांदा-लसणाचा रस्सा नको. ताप आला म्हणून घरातली पॅरासिटामॉल तर अजिबात नको. गोचीड दिसला की 'एकच आहे' म्हणू नका, गोचीड तापाने धडधाकट कुत्री जातात. पिल्लू हाताला चावलं तर नाकावर चापट मारू नका, खेळ थांबवून उठून जा. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू घेऊच नका. कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या २०१७ च्या नियमांनुसार ते विकताच येत नाही, आणि किती जोराने चावायचं हे ते आई-भावंडांतच शिकतं. 'केसीआय पेपरवालं पिटबुल' असं कोणी म्हणालं तर उठून या, केनेल क्लब ऑफ इंडिया या जातीची नोंदणीच करत नाही.

बंदीचं विचाराल तर, मार्च २०२४ मध्ये केंद्राने पिटबुलसह तेवीस जातींविरुद्ध परिपत्रक काढलं आणि एप्रिलमध्ये कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी ते रद्द केलं. म्हणून मोकळं रान मिळालं असं नाही. महापालिकेचा परवाना काढा. कुत्र्याच्या बाबतीत हलगर्जी केलीत तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ आहेच: सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मुसक्याची सवय पिल्लू असतानाच लावा. आधी नुसतं मुसकं हातात धरायचं, आत चिकनचा तुकडा ठेवायचा आणि त्याने आपणहून तोंड घालेपर्यंत थांबायचं. पट्टा बांधायची घाई पहिल्या आठवड्यात करू नका.