साइट एकाच पीसीवर उघडत नाहीये? फॉरमॅट मारायच्या आधी हे वाचा

डेस्कटॉप सपोर्टला नुकतेच लागलात त्यांच्यासाठी लिहितोय. कॅशे उडवणं, इनकॉग्निटोत बघणं, दुसऱ्या ब्राउझरमध्ये बघणं, केबल काढून लावणं हे सगळं तुम्हाला येतं असं धरून चालतो. मलाही येत होतं. तरी नोकरीच्या दुसऱ्याच महिन्यात एका मॅडमचा पीसी मी विनाकारण फॉरमॅट केला आणि ते अजून मनातून जात नाही.

पुण्यातली कंपनी, सोमवार सकाळ, अकाउंट्समधून तिकीट (तक्रारीची नोंद) आलं की व्हेंडर पोर्टल, म्हणजे पुरवठादारांच्या कामाची आमची साइट, उघडत नाहीये. शेजारच्या टेबलावर उघडत होतं. बाकीच्या सगळ्या साइट मॅडमच्या पीसीवर चालू, फक्त हे एकच पोर्टल बराच वेळ फिरतं आणि मग टाइम्ड आऊट. मॅडम म्हणाल्या, "अरे शुक्रवारी संध्याकाळपर्यंत चालू होतं, मी कशालाच हात लावला नाही." त्या खरं बोलत होत्या. युजर काहीतरी लपवतोय असं समजून कामाला सुरुवात करू नका, मी केली होती.

मी एनएसलुकअप मारलं (साइटच्या नावाचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, विचारणारी कमांड), आयपी बरोबर आला, शेजारच्या पीसीवरही तोच. तिकिटात लिहून टाकलं, डीएनएस (नावावरून आयपी सांगणारी यंत्रणा) ओके. फसलो ते इथेच. मग फ्लशडीएनएस (पीसीने साठवलेली डीएनएसची उत्तरं पुसणारी कमांड), विनसॉक रीसेट (विंडोजची नेटवर्क सेटिंग मूळ स्थितीत आणणारी), रीस्टार्ट, परत तेच सगळं. फायरवॉलवर ब्लॉक असेल म्हणून नेटवर्क टीमला फोन केला, त्यांनी लॉग बघून सांगितलं की या पीसीकडून त्या सर्व्हरकडे काही येतच नाहीये. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं, नुसतं "हो सर" म्हणून फोन ठेवला. येत नाहीये म्हणजे दुसरीकडे कुठेतरी जातंय, एवढाच त्याचा अर्थ होता. दुपारी टीममधल्या एका सिनिअरने सांगितलं, "वेळ नको घालवू, फॉरमॅट मार." मारला. पोर्टल उघडलं, तिकीट बंद.

डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सचा बॅकअप घेतला होता मी. पण मॅडमचं तीन महिन्यांचं रिकन्सिलिएशनचं (हिशोब जुळवण्याचं) काम सी ड्राइव्हवर थेट एका फोल्डरमध्ये होतं, ते गेलं.

फॉरमॅटबद्दल माझं मत यामुळे कडक आहे. ज्याला कारण शोधायचा कंटाळा आलाय तोच फॉरमॅट सांगतो. त्याने प्रॉब्लेम जातो, पण कारणही त्याच्याबरोबर पुसलं जातं आणि तुमच्या हातात काहीच उरत नाही.

महिनाभराने सुट्टीवरून परत आलेल्या एका काकांच्या लॅपटॉपवर अगदी तेच झालं. या वेळी मी नेटवर्कच्या सरांना हात जोडून जागेवर बोलावलं. सर माझ्या बाजूला उभे राहिले, माउसला हातही लावला नाही. (असा माणूस भेटला तर त्याला सोडू नका. जो खुर्चीवरून उठवून स्वतः करून देतो त्याच्याकडून तिकीट बंद होतं, शिकायला काही मिळत नाही.)

"पिंग मार." (समोरचं मशीन उत्तर देतंय का ते बघणारी कमांड.)

"सर, टाइम्ड आऊट येतंय, पण तसाही आपल्या सर्व्हरवर पिंग बंदच आहे."

"रिप्लाय सोड रे. पहिल्या ओळीत आयपी कुठलाय ते वाच."

वाचला. मग एनएसलुकअप मारायला लावलं. दोन्ही आयपी वेगळे!

आता हे नीट समजून घ्या, दोनदा वाचा लागलं तर. एनएसलुकअप थेट डीएनएस सर्व्हरला विचारतं. तुमचा विंडोज स्वतः काय समजतोय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ब्राउझर आणि पिंग मात्र विंडोजला विचारतात, आणि विंडोज डीएनएसकडे जायच्या आधी होस्ट्स नावाची एक फाइल बघतो. त्या फाइलमध्ये नाव सापडलं की तिथला आयपी घेतो, पुढे कोणाला विचारतच नाही. म्हणजे एनएसलुकअप बरोबर आलं तर सर्व्हरकडचं उत्तर बरोबर आहे एवढंच कळतं, पीसी त्या उत्तराने चालतोय का ते अजिबात कळत नाही. आणि फ्लशडीएनएस कितीही वेळा मारा, ती कॅशे साफ करते, होस्ट्समधली ओळ जागच्या जागीच राहते.

ही फाइल फार जुन्या काळातली आहे. १९८३ मध्ये डीएनएस आलं त्याआधी नेटवर्कवरच्या सगळ्या मशीनची नावं एकाच यादीत असायची आणि ती यादी सगळे उतरवून घ्यायचे. ती पद्धत मागे पडली पण फाइल अजून प्रत्येक पीसीत आहे.

आमच्याकडे ती ओळ आली कुठून? २०२० च्या लॉकडाउनमध्ये लोकांनी ऑफिसचे सीपीयू घरी नेले होते, व्हीपीएनवर (घरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारी सुरक्षित जोडणी) या पोर्टलचं नाव रिझॉल्व्ह होत नव्हतं, म्हणजे नावावरून आयपी सापडत नव्हता, म्हणून कोणीतरी दोन-चार मशीनवर आयपी हाताने टाकून दिला. तेव्हा काम झालं, कुठे लिहून मात्र ठेवलं नाही. नंतर एका शनिवारी पोर्टल नवीन सर्व्हरवर गेलं, डीएनएसमध्ये बदल झाला, सगळं ऑफिस नवीन आयपीवर गेलं आणि ही दोन-चार मशीन बंद पडलेल्या जुन्या आयपीचं दार ठोठावत बसली. मॅडमनी कशाला हात लावला नव्हता आणि तरी सोमवारी बंद, त्याचं कारण हे. शॉर्टकट मारावाच लागला तर मारा, पण तिकिटात लिहा. त्या वेळी एक ओळ कोणी लिहिली असती तरी माझा सोमवार वाचला असता.

फाइल सापडते सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टिम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी या फोल्डरमध्ये. नोटपॅड अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा नाहीतर सेव्ह होणार नाही, आणि सेव्ह करताना मागे टीएक्सटी चिकटत नाहीये ना ते बघा, नाहीतर शेजारी दुसरीच फाइल तयार होते आणि आपण समजतो की बदल केला. विंडोजच्या मूळ फाइलमध्ये प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला हॅश (#) असतो, म्हणजे ती ओळ लागू नाही. हॅश नसलेली ओळ दिसली की विचारा ती का आहे. लगेच डिलीट करू नका, कधी एखादं सॉफ्टवेअर स्वतःच्या कामासाठी टाकतं, पुढे हॅश लावून बघा आणि सिनिअरला सांगा. एक खूण सांगतो, ही फाइल नाव जसंच्या तसं जुळलं तरच लागू होते, त्यामुळे पुढे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून साइट उघडते आणि न लावता नाही असं दिसलं तर इथे बघाच. अजून एक, ब्राउझर प्रॉक्सीतून (आपल्या वतीने साइट आणून देणारा मधला सर्व्हर) जात असेल तर नाव प्रॉक्सी शोधते, तेव्हा पिंगचा आयपी चुकीचा असूनही साइट चालते. आमचं पोर्टल प्रॉक्सीच्या अपवादांत होतं, म्हणजे प्रॉक्सीशिवाय थेट उघडायचं, म्हणून अडलं.

बाकीची कारणं त्या मानाने सोपी असतात, एरर नीट वाचला तर तोच सांगतो. साइटच्या सुरक्षा सर्टिफिकेटच्या तारखेची तक्रार असेल तर आधी पीसीचं घड्याळ बघा, जुन्या डेस्कटॉपवर मदरबोर्डचा सीआर२०३२ सेल संपलेला असतो. प्रॉक्सीचा एरर असेल तर कोणीतरी सेटिंग बदललंय. अँटिव्हायरस बंद करून बघू नका, ऑफिसचा पीसी स्वतःच्या हॉटस्पॉटवर टाकू नका, व्हिडिओत दाखवलेल्या दहा कमांड एकामागून एक मारू नका. त्यातल्या एकीने चुकून चाललं तरी कुठलीने चाललं ते कळत नाही.

पहिले सहा महिने सगळं डोक्यावरून जातं, ते चालतं. माझ्या बॅचमधले बरेच जण तेव्हाच सोडून गेले, जे थांबले त्यांना वर्षभरात एरर वाचूनच अंदाज यायला लागला. तुम्हालाही येईल. नाही कळलं तर जागेवरून उठून विचारायला जा, फक्त काय काय बघितलं आणि प्रत्येकात काय दिसलं ते लिहून घेऊन जा.

काकांचा लॅपटॉप पाच मिनिटांत झाला. त्याच दिवशी अकाउंट्सची उरलेली मशीन तपासली, आणखी एकावर तीच ओळ सापडली, काढली. मग मॅडमकडे जाऊन खरं कारण सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे माझी फाइल वाचली असती?" मी हो म्हणालो.