हातोड्याआधीची तयारी

नाण्यांच्या लिलावाला जाताना खिशात दोन वस्तू हव्यातच: दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत वजन सांगणारा छोटा काटा. काट्याचा सेल आदल्या रात्रीच बदला. माझा एकदा ऐन वेळी बंद पडला, मग शेजारच्या आजोबांचा मागून घ्यावा लागला.

पहिलंच इंग्लिश सोन्याचं नाणं घेणार असाल तर राजा पहिल्या जेम्सचा लॉरेल हे नाणं बघा. १६१९ पासूनचा, बावीस कॅरेट, वजन साधारण ९.१ ग्रॅम. राजाच्या डोक्यावर लॉरेलच्या पानांचा मुकुट, डोक्यामागे XX, म्हणजे वीस शिलिंग. वर्ष शोधत बसू नका, ते छापलेलंच नसतं. त्याऐवजी टांकसाळीची खूण असते. काटेरी थिसल, लिली, त्रिदल अशा खुणा ओळखता आल्या की साल बऱ्यापैकी कळतं. त्यांची चित्रं चिठ्ठीवर काढून न्या.

ही नाणी हातोड्याने ठोकलेली, त्यामुळे शिक्का सरकलेला किंवा अक्षरं काठाबाहेर गेलेली दिसतील. शिवराई हाताळलेल्याला त्याचं नवल वाटणार नाही. घाबरायचं ते वजन भरलं नाही तर. काठ कातरून सोनं काढून घेणं तेव्हा सर्रास चालायचं.

भिंगाखाली सगळ्यात जास्त वेळ काठावर घालवा, त्यातही वरच्या बाजूला. पूर्वी दागिन्यात बसवलेल्या नाण्यावर तिथे डाखाचा डाग किंवा घासल्याचा चट्टा राहतो. एंजल, म्हणजे देवदूताचं चित्र असलेलं जुनं इंग्लिश सोन्याचं नाणं असेल तर भोक आधी शोधा. गंडमाळ, म्हणजे मानेच्या गाठी सुजण्याचा आजार झालेल्या रोग्याला बरं वाटावं म्हणून राजा स्पर्श करायचा आणि हे नाणं रिबिनीत ओवून त्याच्या गळ्यात घालायचा. पहिल्या चार्ल्सच्या काळातली एंजल बिनभोकाची क्वचितच सापडतात. उघडं भोक मला तरी आवडतं. कुणाची तरी आशा त्यातून ओवलेली होती. राग येतो तो सोनं भरून बुजवलेल्या भोकाचा. तिरप्या उजेडात धरा, बुजवलेल्या जागी पृष्ठभागाचा पोत बदलतो, देवदूताचा पंख किंवा मागच्या बाजूच्या जहाजाची दोरी मध्येच गुळगुळीत होते.

आणि हो, चिठ्ठीच्या मागे तुमचा शेवटचा आकडा लिहून ठेवा, लिलाववाल्यांचं कमिशन धरून. हॉलमध्ये गेल्यावर बेरीज सुचत नाही.