मोडेम बदलण्याआधी लाइन ऐका

नेट डायल-अपने लागायचं, म्हणजे मोडेम नावाचा डबा फोनच्या तारेवरून नंबर फिरवून कॉम्प्युटर नेटला जोडायचा, तेव्हाची ही गोष्ट. नेट लागत नाही, मधेच तुटतं, लागलंच तर पान उघडता उघडत नाही, अशी तक्रार घेऊन कुणी आलं की मी आधी एकच काम सांगायचो. कॉम्प्युटर बंदच राहू द्या. फोन उचला, कानाला लावा आणि डायलटोन आला की कुठलाही एक आकडा दाबा. टोन थांबतो आणि काही सेकंद लाइन गप्प होते. तेवढ्या वेळात नीट ऐका. चरचर, बारीक घुमणारा आवाज, दुसऱ्याच कुणाचं पुसट बोलणं, यातलं काहीही ऐकू आलं तर दोष मोडेममध्ये शोधू नका.

अंबाजोगाईत आणि केज, घाटनांदूर, लोखंडी सावरगाव या पट्ट्यात मी घरोघरी मोडेम बसवून द्यायचो. त्याआधी टेलिफोनच्या खांबांवरच उमेदीची वर्षं गेली. लोक पदरचे पैसे घालून नवा मोडेम आणायचे, तोही तसाच वागायचा. मग कुणीतरी सांगितलं म्हणून विंडोज पुन्हा टाकायचे, त्यात पोरांच्या फायली जायच्या. एवढं करून दोष निघायचा कडुलिंबाच्या फांदीवरून गेलेल्या तारेच्या जोडात. हे टाळता येतं, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहितो.

फोनच्या तारेतून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज जातो. माणसाच्या बोलण्याला तेवढा पुरतो. मोडेम कॉम्प्युटरची माहिती याच पट्टीतल्या आवाजात बसवून पाठवतो. लाइनवर खरखर असली तरी आपण 'काय म्हणालात?' असं विचारून बोलणं पुरं करतो. मोडेमलाही तसंच करावं लागतं. चुकलेला तुकडा तो परत मागवतो, वेग कमी करतो आणि अगदीच जमेना झालं की लाइन सोडतो. खोक्यावर ५६ के, म्हणजे सेकंदाला ५६ हजार बिट, असं लिहिलेलं असतं, पण तो वेग फक्त येणाऱ्या माहितीचा आणि तोही कागदावरचा. पाठवताना ३३.६ च्या वर जात नाही. आमच्याकडे टेलिफोन एक्सचेंजजवळच्या घरात ४४-४५ हजार लागलं तर लाइन उत्तम समजा. त्या वेगाने १ एमबीची फाइल उतरायला तीन-चार मिनिटं लागतात. खेड्यातल्या छोट्या एक्सचेंजवर २८ ते ३३ हजारच मिळत असेल तर बहुतेक वेळा तीच त्या लाइनची मर्यादा असते. ५६ केच्या व्ही.९० पद्धतीला वाटेत एकदाच आवाजाचं आकड्यांत रूपांतर झालेलं चालतं, दोनदा झालं की ती चालत नाही. तिथे कितीही महागडा मोडेम लावा, फरक पडणार नाही.

एक खूण मात्र ध्यानात ठेवा. घड्याळाशेजारच्या दोन छोट्या कॉम्प्युटरच्या चित्रावर १,१५,२०० असा वेग दिसला तर हुरळून जाऊ नका. तो कॉम्प्युटर आणि मोडेम यांच्यातल्या पोर्टचा वेग असतो, लाइनचा नव्हे.

आता लाइन कशी तपासायची ते. घरात फोनची तार जिथे येते तिथे भिंतीवर छोटी डबी असते, ती रोझेट. रोझेटवर फक्त एक चांगला फोन ठेवा. बाकी सगळं काढा: पॅरलल फोन (त्याच लाइनवरचा दुसरा फोन), कॉलर आयडीची डबी, एसटीडी लॉकचं यंत्र, फॅक्स, सगळं. मग पुन्हा एक आकडा दाबून ऐका. आवाज गेला तर दोष घरात आहे. एकेक वस्तू परत लावत जा, जिच्यामुळे खरखर परत येईल ती दोषी. आवाज तसाच राहिला तर दोष बाहेर, म्हणजे रोझेटपासून टेलिफोनच्या डीपीपर्यंत (जिथे घराघरांच्या तारा जोडतात ती पेटी) किंवा त्याच्याही पुढे.

घरातले दोष मला सगळ्यात जास्त कुठे सापडायचे, तर बाजारातून आणलेल्या लांब चपट्या वायरीत. फोन पुढच्या खोलीत, कॉम्प्युटर माडीवर, मग दहा-पंधरा मीटरची चपटी वायर लाइटच्या पट्टीला चिकटवून नेलेली. त्या वायरीच्या तारांना पीळ नसतो. शेजारच्या लाइटच्या वायरीतला ५० हर्ट्झचा घुमारा आणि ट्यूबलाइटच्या चोकची कुरकुर तिच्यात शिरते. त्याऐवजी पीळ दिलेली जंपर वायर आणा, लाइटच्या वायरीपासून हातभर लांबून न्या आणि मधे एकही जोड ठेवू नका. भिंत ओलांडताना दोन्ही वायरी एकाच भोकातून काढू नका. माळवदाच्या घरात भिंती जाड म्हणून लोक जुन्याच भोकातून सगळं कोंबतात, पावसाळ्यात तिथे ओल धरते आणि तिथूनच चरचर सुरू होते.

बाहेरचा दोष तुम्हाला दुरुस्त करता येणार नाही, पण नेमका सांगता येतो. फोनची तक्रार देताना 'इंटरनेट चालत नाही' एवढंच म्हणू नका. 'बोलताना खरखर येते, एक आकडा दाबला तरी लाइन शांत होत नाही' असं सांगा. लाइनमन बोलण्याची लाइन तपासायला येतो, त्याला ऐकू येईल असा दोष सांगितला की काम होतं. तो आला की त्याच्याबरोबर डीपीपर्यंत चालत जा. ड्रॉप वायर, म्हणजे डीपीपासून घरापर्यंत येणारी तार, कुठे झाडाला घासते, कुठे चिकटपट्टीचा जोड आहे, हे त्याला दाखवा. तारेत जोड असलाच तर तो सोल्डर करून वर नीट झाकायला सांगा. नुसता पीळ मारलेला जोड पहिल्या पावसात हिरवा पडतो. एका गुरुजींची लाइन पाऊस झाला की तुटायची आणि ऊन पडलं की आपोआप जुळायची. अशी लाइन असेल तर डोळे झाकून समजा, जोडात पाणी जातंय.

लाइन स्वच्छ असेल तरच पुढचं वाचा.

मोडेमचा आवाज बंद करून ठेवू नका, निदान दोष सापडेपर्यंत. डायलटोन, मग आकडे, मग पलीकडून एक सलग किंचाळी, मग दोन्हीकडचा खळखळाट, आणि ५६ के जुळणार असेल तर मधे घंटेसारखे एक-दोन ठोके. डायलटोनच ऐकू आला नाही तर पडद्यावर ६८० या आकड्याची चूक येते. त्यात आधी वायर मोडेमच्या 'लाइन' लिहिलेल्या भोकात आहे की 'फोन' लिहिलेल्या, ते बघा. अदलाबदल फार जणांकडून होते. वायर बरोबर असेल आणि फोनला टोन येतो पण मोडेमला ओळखता येत नाही, असं झालं तर मोडेमच्या सेटिंगमध्ये 'डायल करण्याआधी टोनची वाट पाहा' ही खूण काढून टाका. लाइनवर व्हॉइसमेलचा किंवा दुसरा तुटक टोन असला की असं होतं.

६७६ म्हणजे पलीकडची लाइन व्यस्त. बारावीच्या निकालाच्या दिवशी हीच चूक वारंवार यायची, त्यात तुमचं काही चुकलेलं नाही, थोडं थांबून लावत राहा. ६७८ म्हणजे पलीकडून उत्तर नाही. तेव्हा नंबर पुन्हा बघा. बीएसएनएलच्या संचारनेट या डायल-अप सेवेचा १७२२३३ होता, त्याच्यापुढे शून्य किंवा कोड लागत नसे. ६९१ म्हणजे नाव किंवा पासवर्ड चुकला, किंवा पॅकचे तास किंवा मुदत संपली. कॅप्सलॉकचा दिवा आधी बघा. ७२० आली की मोडेम ठीक आहे आणि विंडोजमधली टीसीपी/आयपीची, म्हणजे नेटवर बोलण्याच्या नियमांची, मांडणी बिघडली आहे असं समजा. विंडोज ९८ मध्ये डायल-अपच्या कनेक्शनवर टीसीपी/आयपी सोडून बाकीच्या दोन खुणा आणि 'लॉग ऑन टू नेटवर्क' ही खूण काढली की जुळणी पटकन होते.

मोडेम कॉम्प्युटरला दिसतो का हे कंट्रोल पॅनलमध्ये मोडेमच्या पानावरच्या डायग्नोस्टिक्समधून विचारता येतं. तिथे उत्तर आलं तर तो जिवंत आहे. उत्तर नाही आलं आणि मोडेम कॉम्प्युटरच्या आतला असेल तर बहुतेक ड्रायव्हरचा घोळ असतो. आतल्या स्वस्त कार्डांचं अर्धं काम कॉम्प्युटरच करतो, म्हणून ड्रायव्हरची सीडी जपून ठेवा, खोक्याबरोबर फेकू नका.

नेट लागतं पण दर पाच-दहा मिनिटांनी तुटतं, या तक्रारीची कारणं वेगळी. स्वयंपाकघरात पॅरलल फोन असेल आणि कुणी उचलला, की तुटणारच. घरात सगळ्यांना सांगून ठेवा, नाहीतर पॅरलल फोनची वायर नेटच्या वेळी काढा. कॉल वेटिंग असेल तर येणाऱ्या फोनच्या बीपनेही तुटतं. ती सोय बंद करून घ्या किंवा मोडेमला थोडा धीर धरायला शिकवा. मोडेमच्या ॲडव्हान्स्ड पानावर जादा आज्ञा लिहायची एक ओळ असते. तिथे एटीएस१०=५० असं, इंग्रजी कॅपिटल अक्षरांत आणि मधे जागा न सोडता लिहा. आवाज हरवला तर तो पाच सेकंद वाट बघेल. लाइन जेमतेम असेल तर ५६ केचा हट्टच सोडावा. कोनेक्संटची चिप असेल तर एटी+एमएस=व्ही३४, ल्यूसेंटची असेल तर एटीएस३८=०. वेग ३३ हजारांच्या आत येतो, पण तासभर न तुटता चालतो. शंभरदा तुटणाऱ्या ४५ पेक्षा न तुटणारं ३१ केव्हाही चांगलं, हे मी सगळ्यांना पटवून द्यायचो.

लोडशेडिंगचं वेगळंच. कॉम्प्युटर यूपीएसवर आणि बाहेरचा मोडेम साध्या बोर्डवर, असं बऱ्याच घरांत दिसायचं. लाइट गेली की कॉम्प्युटर चालू राहतो आणि नेट तुटतं. मोडेमचा ॲडाप्टरही यूपीएसवरच लावा. तो ॲडाप्टर बदलायची वेळ आली तर नीट वाचून घ्या, कितीतरी मोडेमना ९ व्होल्ट एसी लागतो, डीसी नव्हे.

आणि वीज. वैशाखातला अवकाळी आणि मृगाच्या तोंडावरचा कडकडाट यात आपल्याकडे जेवढे मोडेम जळतात तेवढे बाकी वर्षभरात जळत नाहीत. आभाळ काळं दिसलं की फोनची वायर आणि लाइटची पिन, दोन्ही काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण वीज बहुतेक फोनच्या तारेतूनच येते. कडकडाट सुरू झाल्यावर मात्र वायरीला हात लावू नका. जळालेला मोडेम ओळखायची खूण सोपी आहे: तो लावला की फोनचाही टोन जातो आणि काढला की परत येतो. आतला संरक्षणाचा भाग शॉर्ट झालेला असतो.

मोडेमचा दोष नसून त्याच्यावर आळ येणारी दोन प्रकरणं आहेत. नेट लागलं की मिनिटभराची उलटी मोजणी सुरू होऊन कॉम्प्युटरच बंद होतो, ही ब्लास्टर आणि सॅसर या व्हायरससारख्या किड्यांची करामत, एक्सपी आणि २००० या दोन विंडोजवर. एक्सपीमध्ये नेट लावण्याआधी कनेक्शनच्या प्रॉपर्टीजमधली फायरवॉलची खूण लावा. पॅच (विंडोजच्या दुरुस्तीची फाइल) फोनच्या लाइनवरून उतरवत बसू नका, ओळखीच्या कुणाकडून सीडीवर आणा. दुसरं प्रकरण खिशाला भारी पडतं. काही साइटवरून एखादा प्रोग्राम गुपचूप बसतो आणि नेटच्या नंबराऐवजी परदेशातला नंबर फिरवतो. बिल आल्यावरच कळतं. दर वेळी डायलच्या चौकटीतला नंबर वाचायची सवय लावा आणि लाइनवर आयएसडी (परदेशी फोनची सोय) बंद करून ठेवा.

वेळ वाचवायचा असेल तर मेल आधी लिहून ठेवा, मग नेट लावा, पाठवा, आलेली उतरवा आणि नेट तोडून निवांत वाचा. पॅकचे तास आणि फोनचे युनिट दोन्ही वाचतात. ब्राउझरमधली चित्रं बंद ठेवली तर मजकूर लवकर येतो. मराठी पेपरांचे फॉन्ट तेव्हा वेगळे उतरवावे लागत, ते एकदाच कॉम्प्युटरवर टाकून ठेवायचे.

खेड्यात ज्यांच्याकडे तारेचा फोन नसून डब्ल्यूएलएल, म्हणजे घरातला बिनतारी फोन, होता त्यांना मी एवढं सांगायचो: सीडीएमए या बिनतारी पद्धतीच्या त्या फोनला साधा मोडेम चालत नाही. तो फोन आवाज दाबून लहान करतो, त्यात मोडेमची भाषाच हरवते. त्या फोनची वेगळी डेटा केबल मिळायची, ती कॉम्प्युटरला लावून हॅश ७७७ फिरवावं लागायचं. त्यासाठी दुकानातून मोडेम विकत घेऊ नका, कुणी कितीही सांगितलं तरी.

एवढं सगळं करूनही मोडेम नवाच घ्यायची पाळी आली, तर सिरियल पोर्टला लागणारा बाहेरचा घ्या. जळाला तर एकटा जळतो, आणि समोरच्या दिव्यांवरून काय चाललंय ते कळतं. पैसे देण्याआधी दुकानदाराला सांगून तो तुमच्या घरच्या लाइनवर लावून बघा. मोंढ्यातल्या दुकानाची लाइन एक्सचेंजला लागून असते, तिथे कुठलाही मोडेम चांगलाच चालतो.