अमेरिकेत अ‍ॅथलेटिक ट्रेनर व्हायचंय? आधी या चुका टाळा

दरवर्षी अ‍ॅडमिशनच्या हंगामात तेच दोन प्रश्न येतात. "बीपीटीएच (फिजिओथेरपीची पदवी) झालंय, अ‍ॅथलेटिक ट्रेनिंगचं मास्टर्स केलं की अमेरिकेत फिजिओ म्हणून काम करता येईल ना?" आणि "किनेसिओलॉजीला (शरीराच्या हालचालींच्या शास्त्राला) नंबर लागलाय, तिथून पुढे एटीसी (प्रमाणित ट्रेनर) होता येईल ना?" दोन्हींचं उत्तर 'नाही' आहे. बऱ्याच जणांना हे कळतं तेव्हा पहिल्या सेमिस्टरची फी भरून झालेली असते. खाली चुका क्रमाने मांडलेल्या नाहीत. ज्या जास्त महागात पडतात, त्यांच्यावर जास्त लिहिलं आहे.

भलतीच डिग्री

अमेरिकेत अ‍ॅथलेटिक ट्रेनर हा आरोग्यसेवेतला परवानाधारक व्यवसाय आहे. शाळा-कॉलेजच्या मैदानावर खेळाडू पडला की सगळ्यात आधी पोचणारा, दुखापत तपासणारा, पुढे काय करायचं ते ठरवणारा आणि महिनोन् महिने रिहॅब करून घेणारा माणूस तोच. हा मार्ग शेवटाकडून सुरुवातीकडे वाचायचा असतो. काम करायला जवळजवळ सगळीकडे राज्याचा परवाना लागतो. परवान्यासाठी बहुतेक सगळीकडे बीओसी, म्हणजे बोर्ड ऑफ सर्टिफिकेशनची परीक्षा लागते. आणि त्या परीक्षेला बसायला सीएएटीई या संस्थेची मान्यता असलेल्या 'प्रोफेशनल' अभ्यासक्रमाची डिग्री लागते. पूर्वी हे बॅचलर्सवर होत असे. २०२२ नंतर बॅचलर्सचे नवे प्रवेश थांबले आणि आता दारात उभं राहायलाच मास्टर्स लागतं. कॅनडा आणि आयर्लंडमधल्या व्यावसायिक संस्थांशी बीओसीचा परस्पर मान्यतेचा करार आहे. भारताशी नाही. म्हणजे आपल्याकडची बीपीटीएच किंवा एमपीटीएच दाखवून थेट परीक्षेला बसता येत नाही.

नेहमीचं प्रकरण असं घडतं. मुलगी हुशार, इंटर्नशिपमध्ये क्रीडा-दुखापतींचं काम केलेलं. कन्सल्टंटने दिलेल्या यादीत 'एमएस इन किनेसिओलॉजी', 'स्पोर्ट्स मेडिसिन', 'एक्सरसाइज सायन्स' अशी नावं, आणि विद्यापीठाची फुटबॉल टीम टीव्हीवर दिसणारी. ती जाते, मन लावून शिकते, वेट रूममध्ये असिस्टंटचं काम करते, खेळाडूंशी ओळखी होतात. दुसऱ्या वर्षी बीओसीचा फॉर्म उघडते, तर त्यात सीएएटीई-मान्य प्रोग्रॅमचं नाव निवडायचं असतं आणि तिच्या प्रोग्रॅमचं नाव त्या यादीत नसतं. त्याच विद्यापीठात दुसऱ्या इमारतीत अ‍ॅथलेटिक ट्रेनिंगचा मान्यताप्राप्त प्रोग्रॅम चालू असला, तरी त्याचा हिला काही उपयोग नाही. नव्याने अर्ज, नव्याने दोन वर्षं, आणि वेट रूममधला एकही तास क्लिनिकल म्हणून धरला जात नाही. शिक्षणकर्जाचा हप्ता मात्र ठरल्या वेळी सुरू होतो.

याची दुसरी बाजूही आहे. काही 'मास्टर्स इन अ‍ॅथलेटिक ट्रेनिंग' पोस्ट-प्रोफेशनल असतात, म्हणजे जे आधीच एटीसी आहेत त्यांच्यासाठी. नाव जवळजवळ तेच. अर्ज स्वीकारतानाच थांबवतील यावर विसंबू नका.

उपाय पाच मिनिटांचा आहे. सीएएटीईच्या संकेतस्थळावरची यादी उघडा, विद्यापीठाचं नाव शोधा, पातळीपुढे 'प्रोफेशनल' लिहिलंय का ते पाहा आणि मान्यतेची सद्यस्थिती वाचा. प्रोबेशन किंवा स्वेच्छेने माघार असं काही दिसलं तर तिथेच थांबा. मग प्रोग्रॅम डायरेक्टरला एका ओळीची ईमेल टाका: हा अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर बीओसीला बसता येतं का? उत्तर जपून ठेवा. कन्सल्टंटच्या तोंडी शब्दावर कुणीही पंचवीस-तीस लाखांचा निर्णय घेऊ नये.

आणि फिजिओथेरपीबद्दल स्पष्टच सांगायचं तर ही तिची मागची वाट नाही. तिथे फिजिकल थेरपिस्ट व्हायचं असेल तर डिग्रीचं मूल्यांकन करून एनपीटीई (तिथली परवाना परीक्षा) द्या किंवा डीपीटी (फिजिकल थेरपीची डॉक्टरेट) करा. ज्यांना क्लिनिकच्या खोलीत ठरलेल्या वेळेला पेशंट बघायचे आहेत, त्यांनी अ‍ॅथलेटिक ट्रेनिंगला जाऊ नये. इथे संध्याकाळ आणि शनिवार मैदानावर जातात.

बारावीचं फिजिक्स चालत नाही

सीएएटीईच्या निकषांनुसार बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, सायकॉलॉजी, अ‍ॅनाटॉमी आणि फिजिऑलॉजी हे विषय बारावीनंतरच्या पातळीवर झालेले लागतात. बीपीटीएचवाल्यांचं अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी भक्कम असतं, सायकॉलॉजीही असते. अडकतं ते फिजिक्स आणि केमिस्ट्रीत. बारावीला नव्वद टक्के असले तरी ते शालेय शिक्षणच धरलं जातं. बायोमेकॅनिक्स म्हणजे फिजिक्स आणि बायोकेमिस्ट्री म्हणजे केमिस्ट्री, असं काही प्रोग्रॅम मानतात, काही मानत नाहीत. मार्कशीट पुरत नाही, विषयांचा सिलॅबस पाठवा आणि लेखी उत्तर घ्या. नाही म्हणाले तर कोर्स ऑनलाइन करता येतो, पण आधी विचारा: लॅबसह लागतो का, ऑनलाइन लॅब चालते का, किमान ग्रेड कोणती? हे सगळं अर्जाच्या आदल्या वर्षी करायचं काम आहे. डेडलाइनच्या आठवड्यात हे जमत नाही आणि त्यासाठी कुणी मुदत वाढवत नाही.

अर्ज बहुधा एटीसीएएस या सामायिक ऑनलाइन अर्जव्यवस्थेतून जातो. गुणपत्रिकांचं मूल्यांकन विषयवार लागतं. नुसतं 'बॅचलर्सच्या समकक्ष' असं लिहून दिलेलं पुरत नाही. तीन वर्षांच्या बीएस्सीवाल्यांनी ग्रॅज्युएट स्कूल ती डिग्री स्वीकारतं का, हे सगळ्यात आधी विचारावं. निरीक्षणाचे तास मागितले असतील आणि जवळपास कुणी एटीसी नसेल, तर क्रीडा-फिजिओकडचे तास चालतील का तेही विचारा. खोटे तास लिहून देणारे भेटतात. त्यांच्या नादी लागू नका, मुलाखतीत दोन प्रश्नांत ते उघडं पडतं.

'फॉल' म्हणजे ऑगस्ट, हा समज

अनेक प्रोग्रॅम मे अखेर, जून किंवा जुलैमध्येच सुरू होतात, कारण ऑगस्टमध्ये फुटबॉलचा प्री-सीझन असतो आणि तोवर विद्यार्थ्याला टेपिंग, प्रथमोपचार, सीपीआर आलेलं लागतं. व्हिसाची तारीख ऑगस्ट धरून घेतली की पहिला उन्हाळी कोर्स चुकतो. आणि हे कोर्स एकामागून एक रचलेले असल्याने काही ठिकाणी प्रवेशच पुढच्या वर्षावर जातो. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर प्रोग्रॅमच्या तारखेआधी जास्तीत जास्त ३० दिवस देशात शिरता येतं, त्यातच घर शोधायचं असतं.

लसीकरणही भारतातूनच उरकून जा. हिपॅटायटिस बीचे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात. तिथे पोचून सुरू केले तर क्लिनिकल रोटेशन अडतं. आपल्याला लहानपणी बीसीजी दिलेली असते, त्यामुळे टीबीची त्वचाचाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. रक्तावरची आयजीआरए चाचणी चालेल का ते विचारा आणि तीच करा.

प्रोग्रॅम निवडताना फोटो बघणं

प्रत्येक मान्यताप्राप्त प्रोग्रॅमला पहिल्याच प्रयत्नात बीओसी पास होण्याचं प्रमाण, किती जण अभ्यासक्रम पूर्ण करतात आणि किती जणांना काम मिळतं, हे जाहीर करावं लागतं. पहिल्या प्रयत्नाचं तीन वर्षांचं एकत्रित प्रमाण किमान ७० टक्के असावं अशी अट आहे. टक्क्यासोबत बॅचचा आकडाही वाचा. पाच जणांच्या बॅचमधले शंभर टक्के आणि पंचवीस जणांमधले नव्वद टक्के यांत दुसरे जास्त भरवशाचे. स्टेडियमच्या फोटोवरून निवड करू नका.

उष्माघाताला 'वाचून झालंय' म्हणणं

ही चूक सगळ्यात जास्त खटकते, कारण इथे किंमत विद्यार्थी मोजत नाही, खेळाडू मोजतो.

२९ मे २०१८ला मेरिलँड विद्यापीठाच्या फुटबॉल सरावात जॉर्डन मॅकनेअर हा १९ वर्षांचा खेळाडू ११० यार्डांच्या धावा काढताना कोलमडला. १३ जूनला तो गेला. नंतर झालेल्या स्वतंत्र चौकशीत जे बाहेर आलं ते या शाखेच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचायला हवं. गुदमार्गाने तापमान घेतलं गेलं नाही. थंड पाण्यात बुडवलं गेलं नाही. लक्षणं दिसल्यापासून ९११ला फोन जाईपर्यंत तास उलटला होता. ऑगस्टमध्ये विद्यापीठाने कायदेशीर आणि नैतिक जबाबदारी स्वीकारली. तिथे माणसं प्रशिक्षित होती, ज्ञान पुस्तकांत होतं, साधनंही विद्यापीठाकडे होती.

यावरचे आकडे कमी आहेत आणि झोपेतून उठवलं तरी आठवावेत. शरीराचं आतलं तापमान ४०.५ अंश सेल्सिअसच्या वर आणि सोबत वागण्यात, बोलण्यात, शुद्धीत बदल, म्हणजे श्रमजन्य उष्माघात. तापमान फक्त गुदमार्गाने घ्यायचं, लवचीक प्रोब साधारण १० ते १५ सेंटिमीटर आत. कान, कपाळ, तोंड, काख यांचे आकडे व्यायामानंतर चुकीचे कमी येतात आणि खोटा धीर देतात. टबातलं पाणी १.७ ते १५ अंशांचं, बर्फ घातलेलं, सतत ढवळलेलं, कारण अंगालगतचं पाणी गरम होऊन थर धरतं. एकाने काखेतून टॉवेल घालून डोकं वर धरायचं. तापमान ३८.९ला आलं की बाहेर काढायचं, नाहीतर ते गरजेपेक्षा खाली जातं. कोसळल्यापासून ३० मिनिटांच्या आत ते खाली आणायचं हे उद्दिष्ट. आणि आधी थंड करायचं, मग हलवायचं. रुग्णवाहिका आली म्हणून अर्धवट काढून द्यायचं नाही.

विद्यार्थी कुठे चुकतात? एक, खेळाडू मध्येच सावरल्यासारखा बोलतो, म्हणून थांबतात. उष्माघातात अशी मधली शुद्ध येते आणि पुन्हा जाते. दोन, संकोच. आपल्याकडच्या मुला-मुलींना हा भाग सगळ्यात अवघड जातो आणि मॅनिकिनवरच्या सरावाच्या दिवशी मागे उभे राहतात. तसं करू नका. टॉवेलने आडोसा, एक साक्षीदार, स्पष्ट शब्दांत सांगणं, हे इतक्या वेळा करा की हात थांबणार नाहीत. तीन, टब आहे पण रिकामा आहे. उन्हाळी सरावाला टब आधी भरून आणि बर्फ शेजारी ठेवूनच मैदान सुरू करायचं. मोठ्या अंगाचा खेळाडू असेल आणि टब पुरत नसेल तर ताडपत्रीत घालून चारही बाजू उचला आणि आत बर्फाचं पाणी ओतत राहा. नव्या मैदानावर पाऊल ठेवाल त्याच दिवशी आपत्कालीन योजनेचा कागद मागा: रुग्णवाहिका कोणत्या गेटने येते, किल्ली कुणाकडे, एईडी (हृदयाला शॉक देणारं यंत्र) कुठे. प्रिसेप्टर (देखरेख करणारा मार्गदर्शक) सांगेल तेव्हा बघू, हा आळस इथे परवडत नाही.

हात न वापरता क्लिनिकल संपवणं

अभ्यासक्रमात किमान चार आठवड्यांचा पूर्णवेळ क्लिनिकल अनुभव सक्तीचा आहे. तो भिंतीला टेकून काढणारे बरेच. घोटा मुरगळलेला आला की थेट एक्स-रे म्हणू नका, एक्स-रेची गरज आहे का ते ठरवणारे ओटावा नियम लावा: घोट्याच्या आतल्या आणि बाहेरच्या उंचवट्यांच्या मागच्या कडेचे खालचे ६ सेंटिमीटर, पाचव्या मेटाटार्सलचा (करंगळीमागच्या लांब हाडाचा) तळ आणि नॅव्हिक्युलर (पावलाच्या आतल्या बाजूचं हाड) दाबून दुखतं का, आणि चार पावलं चालता येतं का. गुडघ्याच्या लिगामेंटची लॅकमन चाचणी गुडघा २० ते ३० अंशांवर वाकवून करा. ९० अंशांवर केलेली ती वेगळी चाचणी होते.

टेपिंगमध्ये घाई लगेच दिसते. पाऊल ९० अंशात धरलेलं नसलं तर सगळा टेप सैल बसतो. दीड इंची टेपच्या दोन पट्ट्यांमध्ये उघडी फट राहिली की तिथेच फोड. टाचेवरची सुरकुतीही तशीच. पाऊल आत वळून होणाऱ्या मुरगळीला स्टिरप (टाचेखालून जाणारी पट्टी) आतल्या बाजूने सुरू करून बाहेर वर ओढायचा. संपल्यावर बोटांची नखं दाबून रंग परततो का पाहा. व्हिडिओ बघून हे येत नाही, रोज दोन घोटे बांधून येतं.

प्रश्नसंच पाठ करणं

बीओसीत १७५ प्रश्न आणि ४ तास असतात, गुण २०० ते ८०० या मोजपट्टीवर आणि पास ५०० ला. परीक्षा ठरावीक विंडोमध्येच होते. प्रश्न परिस्थिती देतात आणि पुढचं पाऊल विचारतात, म्हणून पाठ केलेली उत्तरं निसटतात. प्रशासन आणि नोंदींचा भाग बहुतेक जण शेवटच्या आठवड्यावर ढकलतात आणि तिथेच गुण जातात. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नाखाली आपण कोणती माहिती वाचलीच नाही ते एका ओळीत लिहा. पंधरा दिवसांत स्वतःचा ढाचा दिसतो.

ओपीटीचं घड्याळ विसरणं

शेवटच्या वर्षी हा घोळ होतो. डिग्रीनंतरच्या ओपीटीचा (तिथे तात्पुरतं काम करायच्या परवानगीचा) अर्ज प्रोग्रॅम संपायच्या ९० दिवस आधीपासून ६० दिवस नंतरपर्यंत करता येतो आणि सुरुवातीची तारीख त्या ६० दिवसांतलीच निवडावी लागते. तारीख सुरू झाली की एकूण ९० दिवसच बेरोजगार राहता येतं. आता जोडा: बीओसीचा निकाल, मग राज्याचा परवाना, त्यात पार्श्वभूमी तपासणी. परवान्याशिवाय बहुतेक राज्यांत अ‍ॅथलेटिक ट्रेनर म्हणून काम करता येत नाही, आणि शाळांच्या नेमणुका ऑगस्टच्या आसपास सुरू होतात. मेमध्ये डिग्री, लगेचची ओपीटी तारीख आणि उशिरा दिलेली परीक्षा, असं केलं की ९० दिवस नुसते वाट बघण्यात जातात. त्यामुळे परीक्षा शेवटच्या सेमिस्टरमध्येच, शक्य तितक्या लवकरच्या विंडोत द्या; ओपीटीची तारीख ६० दिवसांच्या शेवटाकडे ठेवा; परवान्याचे कागद निकालाआधी तयार ठेवा. आय-२०वरचा (विद्यापीठ व्हिसासाठी देतं त्या कागदावरचा) सीआयपी कोडही (अभ्यासक्रमाचा क्रमांक) प्रवेश घेतानाच पाहा. अ‍ॅथलेटिक ट्रेनिंगचा ५१.०९१३ असतो आणि त्यावर स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान) विषयांना मिळणारी ओपीटीची दोन वर्षांची वाढ धरून कर्जाचं गणित मांडू नका.

क्लिनिकल साइटवर कुणी थोडे पैसे देऊ केले तर आधी डीएसओला (विद्यापीठातल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या अधिकाऱ्याला) विचारा. परवानगीशिवाय घेतलेला एक चेकही व्हिसाच्या स्थितीवर येतो.

गाडी चालवायला भारतातच शिकून घ्या, शाळेच्या साइट्सना बस जात नाही. महाराष्ट्रातल्या बीपीटीएचवाल्यांनी फिजिओथेरपी कौन्सिलची नोंदणी चालू ठेवावी. परत आलात तर एटीसीवर इथे फिजिओची प्रॅक्टिस करता येत नाही, त्या नोंदणीवरच येते.